आत्याच्या नावावरचे ठोके

धाकट्या दिराच्या, प्रणयच्या हळदीच्या दिवशी सकाळी विनिताचा मोबाईल तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा तिचे दोन्ही हात तांदळाच्या पिठात होते. आधी दोनदा तिने तो वाजू दिला होता. हळदीच्या घरात फोन वाजतच असतात. मंडपवाला, बर्फवाला, रेवदंड्याहून मासळी आणणारा, सगळ्यांना घरातली थोरली सूनच हवी असते. या वेळी मात्र तिने वाकून पडद्यावरचं नाव पाहिलं आणि पिठाच्या हातानेच फोन कानाला लावला. अलिबागच्या हॉस्पिटलातून मृणाली सिस्टर बोलत होती.

"विनिता मॅडम, आवडाबाई कुठे आहेत?"

"आत्या मंडपात आहेत. धवले चाललेत. का हो?"

"त्यांना आधी खाली बसवा. सात वाजल्यापासून त्यांची नाडी एकशे तीस ते दीडशेच्या मध्ये आहे. नुसती जोरात नाही, वेडीवाकडी पडतेय. मी डॉक्टरांनाही दाखवलंय."

दिवाळीनंतर सासऱ्यांच्या या बहिणीला, आवडाबाईंना हृदयविकाराचा झटका आला होता, तेव्हा त्यांना घेऊन अलिबाग गाठणारी विनिताच होती. घरी सोडताना डॉक्टरांनी आत्याच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आणि त्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. घड्याळ नाडी मोजायचं, झोप मोजायचं, पावलं मोजायचं, आणि ते सगळं मोबाईलमधून थेट हॉस्पिटलात मृणालीच्या टेबलावर जायचं. विनिताने मृणालीला अजून एकदाही पाहिलं नव्हतं, पण पाच महिन्यांत दोघींची अशी ओळख झाली होती की सुक्या मासळीवरून आत्याला कोण रागावणार, याची पाळीसुद्धा ठरलेली असायची.

"मी सांगतच होते," विनिता पुटपुटली आणि पीठ झटकत मंडपाकडे धावली.

ती सांगत होती, हे खरं होतं. आवडाबाई धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून, धवलारीण आधी. मंडपाचा पहिला खांब रोवण्यापासून नवरी उंबऱ्यात येईपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा, आणि पंचक्रोशीत ते सगळे पाठ असलेल्या दोघीच उरल्या होत्या. एक आवडाबाई आणि दुसरी त्यांच्या मागे सूर धरणारी मनुबाई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्ध्या तासावर गायचं नाही. मागच्या आठवड्यात आत्या सरावाला बसल्या आणि दोनदा हॉस्पिटलातून फोन आला. विनिताने दोन्ही वेळा गाणं बंद पाडलं. त्यावरून घरात उभे दोन तट पडले. प्रणय आणि त्याचे बाबा हिरामण आत्याच्या बाजूने, विनिता आणि तिचा नवरा धनेश डॉक्टरांच्या. सासूबाई, म्हणजे कमळ, कुणाच्याच बाजूने बोलल्या नव्हत्या. आत्या माहेरी परतल्यापासून तीस वर्षांत नणंद-भावजयीचं कधी जमलं नव्हतं, त्यामुळे त्या गप्प राहिल्या याचंच विनिताला नवल वाटलं होतं.

आणि मग चार दिवसांपूर्वी फोन यायचे थांबले. आत्या सकाळ-संध्याकाळ गात होत्या आणि हॉस्पिटलातून चकार शब्द नाही. विनितालाच वाटलं, आपण उगाच धास्ती घेतली.

मंडपात बायका उखळाभोवती बसून हळद कुटत होत्या. आवडाबाई मधोमध, मांडी घालून, डोळे अर्धे मिटून गात होत्या. आवाज असा खणखणीत की पलीकडे स्पीकर जोडणारी पोरंसुद्धा वायरी हातात घेऊन ऐकत उभी होती. विनिता त्यांच्या पाठीशी गुडघ्यावर बसली आणि काही न बोलता तिने त्यांचं मनगट धरलं.

नाडी शांत होती. एक, दोन, तीन, चार. एकदम सरळ.

आणि मनगटावर घड्याळ नव्हतं.

*

आवडाबाईंनी मनगटावरचा तो पिठाळ हात पाहिला आणि त्यांना कळलं. गाणं मात्र थांबलं नाही. ओठ आपले शब्द म्हणत राहिले, डोळे वर उचलले गेले आणि समोर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

दारात कमळ उभी होती. हातात सुपाऱ्यांचं ताट. नवऱ्या मुलाची आई म्हणून तिने कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला होता. चेहरा घामाने निथळत होता. तिने आवडाबाईंकडे पाहून मान किंचित हलवली. नको, सांगू नको.

कमळने हे चार दिवस कसं निभावलं होतं! चार दिवसांपूर्वी आवडाबाई परसात एकट्याच कुरकुरत बसल्या होत्या, की या घड्याळापायी माझ्या भाच्याच्या लग्नात मी मुकी व्हायची. कमळने पुढे होऊन हात धरला, घड्याळ काढलं आणि स्वतःच्या मनगटावर चढवलं. वर बांगड्या ओढल्या. "गावा वन्सं," एवढंच म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा दोघींचं एक गुपित झालं होतं. आंघोळीला जाताना, झोपताना दोघी डोळ्यांनी एकमेकींना खुणावत आणि पोरींसारख्या तोंड फिरवून हसत.

आता ते गुपित राखायचं तर गात राहायचं. धवला अर्ध्यावर तोडत नाहीत. तोडला तर घराला लागतो, असं आवडाबाईंना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. पन्नास वर्षांत त्यांनी एकही धवला तोडला नव्हता. एकदा अंगात ताप असताना, एकदा मंडप वाऱ्याने डोक्यावर आला असताना त्या शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या होत्या.

विनिताने बाजूला पडलेला त्यांचाच मोबाईल उचलून पाठीमागून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर लाल आकडे पळत होते. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एकतीस. एकशे छप्पन्न.

आवडाबाईंनी ओळीच्या मध्येच तोंड मिटलं.

मुसळं थांबली. मनुबाईने घाबरून पुढची ओळ उचलली, पण आवडाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब गो मनू."

"आवडे, धवला तोडलास?" मागून कुणीतरी म्हातारी कळवळली.

"तोडला," आवडाबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "विनिता, ते घड्याळ तुझ्या सासूच्या हातात हाय. चार दिस झाले. हे आकडे माझे न्हाय, हिचे हायत."

*

पुढची पाच मिनिटं हिरामणला नंतर नीट आठवेनात. तो मंडपाच्या तोंडाशी बर्फाच्या लाद्या उतरवून घेत होता. बायकांचा गलका ऐकून आत आला, तर त्याची बायको प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, थोरली सून तिच्या बांगड्या वर सारतेय आणि त्याची बहीण समोर जमिनीवर बसून तिच्या पायांना धरून आहे. हे दृश्य त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मना काय झालंय?" कमळ सगळ्यांना सांगत होती. "उन्हाचा तरास हाय. लिंबूपाणी घेतलं की झालं. विनिता, सोड हात, भात लागंल तिकडं!"

"भात गेला खड्ड्यात," विनिता म्हणाली. सासूशी ती असं कधीच बोलली नव्हती. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. "सिस्टर, घड्याळ माझ्या सासूबाईंच्या हातात आहे. कमळ म्हात्रे. वय एकसष्ट."

मग मृणालीचा आवाज, आता अगदी सावकाश. "कमळताई, छातीत दुखतंय? श्वास लागतोय? चक्कर?"

"न्हाय गो बाय."

"चक्कर येते," आवडाबाई खालून म्हणाल्या. "काल ताट धरून भिंतीला टेकली होती. मी बघितलं. मना वाटलं, दमली."

"बरं. घड्याळाच्या बटणावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. तीस सेकंद. हलायचं नाही, बोलायचं नाही. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, मला इथे दिसेल."

कमळने बोट ठेवलं. मंडपात सत्तर माणसं होती आणि सत्तर माणसं श्वास धरून उभी राहिली. नेमका तेव्हाच पलीकडून स्पीकर गरजला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू..." हिरामणने हातातली बर्फाची लादी तशीच उचलून त्या पोरावर उगारली. आवाज जागच्या जागी मेला. कमळला हसू फुटलं.

"हसू नका, पट्टी बिघडेल," फोन म्हणाला. आणि मग सगळ्यांनाच हसू दाबावं लागलं.

तीस सेकंदांनी मृणाली म्हणाली, "मॅडम, डॉक्टर शेजारीच आहेत. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाहीये, नुसता थरथरतोय. असं झालं की आत रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे गेली तर अर्धं अंग जातं. घाबरू नका, यावर चांगलं औषध आहे. पण आजच हवं. तासाभरात इथे आणा, आणि त्यांना चालायला किंवा चढायला लावू नका."

"मंडप सोडून नवऱ्याची आय कुठं जाते?" कमळ म्हणाली. "माझ्या हातानं पहिली हळद लागायची हाय पोराला."

प्रणय गर्दीतून पुढे आला. अंगावर जुना बनियन, डोक्याला रुमाल. तो आईच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. "मग तू ये आणि लाव. तू येईपर्यंत मी हळदीला बसत नाही. उद्या काशीदला नवरीच्या दारात असाच गेलो तर आरोही म्हणेल, बिनहळदीचा नवरा आणलात."

"गाडी काढा," हिरामण ओरडला.

तेव्हा लक्षात आलं की दारात एकही गाडी नाही. एक पेणला पाहुणे आणायला, दुसरी काशीदला नवरीकडे उष्टी हळद पोचवायच्या तयारीत फुलवाल्याकडे, टेम्पो खुर्च्यांसाठी. अंगणाच्या कडेला उभा होता तो फक्त धनेशचा दहा चाकी ट्रक.

"चढायचं नाही म्हणालेत," विनिता म्हणाली.

"चढते कशाला?" धनेशने आईच्या खुर्चीचा एक पाय धरला, प्रणयने दुसरा, मागून दोन चुलतभाऊ. खुर्ची कमळसकट खांद्यांवर गेली. बायकांतून कुणीतरी हुंदका द्यायच्या बेतात होतं, पण कमळ वरून ओरडली, "अरं पाडाल मना! प्रणय, तुझी बाजू खाली हाय!" आणि त्या हुंदक्याचं हसू झालं.

*

या घरात बावीस वर्षांत सहा ट्रक आले. मिठागरं बंद पडली तेव्हा हिरामणने पहिला घेतला. प्रत्येकाची पूजा कमळने केली, नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. केबिनमध्ये मात्र ती कधी बसली नव्हती. कुणी बस म्हटलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

आता ती हिरामण आणि विनिताच्या मध्ये बसली होती. चौलच्या वळणावर नारळी-पोफळीच्या वाड्यांचं कुंपण तिच्या गुडघ्यांच्याही खाली आलं आणि पलीकडचं सगळं मोकळं दिसू लागलं.

"अगो, इथून खाडी दिसते व्हय!" ती म्हणाली. "आणि ते काय, कुणाची वाडी? केवढे आंबे लागलेत! धनेश, तू रोज हे बघतोस?"

"मी रस्ता बघतो, आई," धनेश म्हणाला. तो घामाघूम झाला होता आणि हॉर्नवरून त्याचा हात निघत नव्हता.

हिरामणने तिचा हात हातात घेतला होता. बोटांखाली तिची नाडी लागत होती. जाळ्यात सापडलेल्या मासळीसारखी, कधी भराभर, कधी गप्प. हे असं किती दिवस चाललं असेल?

हॉस्पिटलात त्यांनी तिला आत नेलं, सलाईन लावलं, छातीवर तारा चिकटवल्या. एक बारीकशी, चष्मेवाली पोरगी धावत आली. विनिताने तिला आवाजावरूनच ओळखलं आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली.

"काका, तुम्हाला एक सांगू?" मृणाली हिरामणला म्हणाली. "चार दिवस आम्ही चक्रावलो होतो. आवडाबाई पहाटे चारला उठायच्या, रात्री बाराला झोपायच्या आणि दिवसाला सोळा हजार पावलं चालायच्या. घरातल्या घरात! मी डॉक्टरांना म्हटलं, भाच्याच्या लग्नाचा उत्साह असेल. मी तेव्हाच फोन करायला हवा होता."

हिरामण मिठागरावर होता तेव्हा तोही दिवसभर चालायचा, आणि घरी येऊन पाय पसरायचा. सोळा हजार. तो बाकावर बसून आपल्याच घराच्या खोल्या मनात मोजू लागला. चुलीपासून विहीर, विहिरीपासून मागचं दार, मागच्या दारापासून मंडप. किती खेपा झाल्या म्हणजे सोळा हजार होतात? त्याला हिशेब लागेना. लागेना तसे त्याचे डोळे भरून आले. मग त्याने उठून धनेशला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "उद्यापासून घरात पाणी तू आणि मी भरायचं. हसू नको, मी सांगतोय."

चार वाजता कमळची नाडी अठ्ठ्याऐंशीवर आली. घरी जाऊ देताना डॉक्टरांनी अटी घातल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, एकही दिवस चुकवायची नाही. खुर्चीवरून उठायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाचायचं तर मुळीच नाही. आठवड्याने परत यायचं. आणि मनगटावर तिचं स्वतःचं घड्याळ.

*

घरी आवडाबाईंनी तो सगळा दिवस काढला तो कसा, हे मनुबाईलाच माहीत. बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. तोडलेला धवला, अर्धी कुटलेली हळद, नवऱ्याची आय दवाखान्यात. शेवटी आवडाबाई उखळाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ज्यांना अपशकुन वाटतोय त्यांनी घरी जावा," त्या म्हणाल्या. "मी गात राहिले असते तर ती त्या दारात पडली असती आणि माझा धवला पुरा झाला असता. असला पुरा धवला मना नको. आता हळद पहिल्यापासून कुटायची. मुसळं घ्या."

कुणी घरी गेलं नाही.

विनिताने तिकडून फोन केला तेव्हा आवडाबाई रागावून घ्यायला तयार होऊन बसल्या होत्या. विनिता रागावलीसुद्धा, चांगली पाच मिनिटं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विनिता म्हणाली, "आत्या, पण तुम्ही थांबलात म्हणून लगेच कळलं. नाहीतर मला शोधायलाच वेळ गेला असता." आणि मग तीच रडली.

ट्रक परत आला तो ऊन कलताना. वेशीपासूनच धनेशचा हॉर्न ऐकू येत होता, या वेळी नुसता आनंदाने. खुर्ची पुन्हा खांद्यांवर आली. कमळने खुर्चीवरूनच प्रणयच्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि हातावर थोडी उरली म्हणून हिरामणच्या टकलालाही लावली. नाचाला बेंजोचा बँड सुरू झाला. हिरामण असा नाचला की विनिताने त्याच्यापुढे बोट नाचवून म्हटलं, "बाबा, तुम्हालाही घड्याळ लावू का?"

मग धनेशने आईला खुर्चीसकट माजघरात आणलं, कारण बेंजोने तिला ठेका धरायला लावलं होतं. आवडाबाई मागोमाग आल्या. विनिता दोघींमध्ये बसून मोबाईलमध्ये नवं खातं उघडत होती. नाव, वय, पत्ता. "कमळ हिरामण म्हात्रे," ती मोठ्याने म्हणत टाईप करत होती. "आई, हे असं कधीपासून होत होतं? इथे विचारलंय."

"चार दिस..." कमळ म्हणाली आणि थांबली. "न्हाय. शिमग्यापासून."

विनिताची बोटं थांबली. "दोन महिने? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"लगीन होतं. आधीच घरात एक दुखणं. त्यात माझं कुठं काढू? म्हटलं, उतरंल." ती विनिताशी बोलत होती, पण बघत होती आवडाबाईंकडे. "वन्सं, तुमाला वाटलं, मी तुमच्यासाठी घड्याळ घेतलं. गायला मिळावं म्हणून."

"मग?"

"ते होतंच. पण खरं सांगू? छातीत फडफडायचं तेव्हा मना भ्या वाटायचं. म्हटलं, तिकडं एक पोरगी दिवसभर बसून तुमच्या छातीकडं बघते. तुमच्या नावानं का होईना, माझ्याकडं कुणी बघंल."

बाहेर बेंजो थांबला होता. आवडाबाईंनी कमळच्या पाठीत एक धपाटा घातला, हलकाच, आणि मग तोच हात तिथेच ठेवला. कमळ हसायला लागली. हसता हसता तिने डोकं नणंदेच्या खांद्यावर टेकलं. तीस वर्षांत कधी टेकलं नव्हतं, त्यामुळे दोघींनाही खांदा नीट कसा धरावा ते कळेना.

दारात प्रणय आला. नखशिखांत पिवळा, मोठ्या उत्साहात. "आत्या, चल ना! पुढचा धवला तुझ्याशिवाय कोण घेणार? सगळा मंडप थांबलाय!"

"थांबू दे," आवडाबाई म्हणाल्या. "मी हिच्यापाशी बसलेय."